खाट जरा फिरव रे

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी खाट आहे. घाबरू नका, मी तुमच्या घरी आलेली नाही. नुसती बोलायला आले आहे.

मला चार चाकं आहेत, त्यातलं एक कुरकुरतं. पायथ्याशी एक दांडा आहे. तो फिरवला की माझी डोक्याकडची बाजू वर येते आणि निजलेला माणूस न उठता बसता होतो. दोन्ही अंगांना कठडे आहेत. माझा रंग एके काळी पांढरा होता. आता कसा आहे ते मला दिसत नाही. पण मला बघून लोकांचे चेहरे जसे होतात, त्यावरून अंदाज येतो.

माझा जन्म अम्मानजवळच्या झरका शहरातल्या एका कारखान्यात झाला. तिथे नळ्या वाकवणारा एक म्हातारा कारागीर होता. प्रत्येक खाट तयार झाली की तो स्वतः तिच्यावर दोन मिनिटं डोळे मिटून पडायचा. म्हणायचा, "आपण झोपून बघितल्याशिवाय दुसऱ्याला झोपवू नये." पोरं हसायची. मला मात्र त्याचं ते पहिलं वजन अजून आठवतं. हलकं होतं, आणि त्याला घामाचा आणि तंबाखूचा वास होता.

तिथून मी सल्तला आले, एका सरकारी इस्पितळात. ती माझी सुखाची वर्षं. माणसं माझ्यावर आडवी यायची आणि उभी जायची. कुणाचं आतडं कापलेलं, कुणाचा पाय मोडलेला, कुणाच्या कुशीत दोन दिवसांचं बाळ. जाताना कुणीकुणी माझ्या कठड्यावर थाप मारायचं. एका बाईनं तर माझ्या दांड्याला गुलाबी फीत बांधली होती, मुलगी झाली म्हणून. मित्रांनो, खाटेला यापेक्षा जास्त कौतुक नशिबात नसतं.

मग विजेवर चालणाऱ्या खाटा आल्या. बटण दाबलं की वर, बटण दाबलं की खाली. माझी रवानगी मागच्या अंगणात झाली. दोन हिवाळे मी तिथे काढले. माझ्यावर बर्फ पडला, मांजर व्यायली, कुणी तरी माझ्यावर ओली फडकी वाळत घातली. माझा दांडा गंजला.

एक दिवस एक उंच, सावळी बाई आली. पायात मळकट बूट, खांद्याला फुगलेली पिशवी. तिचं नाव अरीज. ती परिचारिका. लोक तिला अरीज सिस्टर म्हणतात. तिनं माझा दांडा दोन्ही हातांनी जोर लावून फिरवला, मी कण्हत कण्हत वर आले, आणि ती म्हणाली, "चालेल. हिला तेल पाजा."

अरीज एका छोट्या संस्थेत काम करते. इस्पितळ एखाद्याला म्हणतं, "घरी न्या, आता करण्यासारखं काही उरलेलं नाही." अरीज म्हणते, "करण्यासारखं पुष्कळ उरलेलं असतं. फक्त बरं करणं उरलेलं नसतं." ती अशा माणसांच्या घरी जाते. त्यांचं दुखणं कमी करते, जखमा धुते, तोंड ओलं ठेवते, घरच्यांना कुशीवर कसं वळवायचं ते शिकवते. आणि ज्यांच्याकडे नीट खाट नसते, त्यांच्याकडे मला पाठवते.

तेव्हापासून माझ्यावरून उठून कुणीही चालत गेलेलं नाही.

एकोणीस माणसं. मी मोजत नाही, पण माझ्या स्प्रिंगा मोजतात. संस्थेच्या तळघरातल्या खोलीत मी रिकामी उभी असते, भर दुपारी, बाहेर पोरं फुटबॉल खेळत असतात, आणि माझी तिसरी स्प्रिंग आपोआप वाजते. ती अबू हम्दीची. त्याला कूस बदलायची सवय होती. कधी डाव्या कठड्याला घाम सुटतो. तो एका शिंप्याचा हात. कधी माझ्या डोक्याकडून कुणी तरी हळूच, अगदी हळूच, पाणी मागतं. मी खाट आहे. मी पाणी कुठून देणार?

गावानं मला ओळखलेलं आहे. मी एखाद्या गल्लीत शिरले की खिडक्या बंद होतात. बायका पुटपुटतात. "आली बघ. कुणाकडे चाललीय?" सल्तमध्ये पायऱ्या फार. मला उचलून न्यावं लागतं, त्यामुळे लपवणं कठीण. पण लपवतात. माझ्यावर गोधड्या टाकतात, मला सुटी करून दोन फेऱ्यांत नेतात. एकांनी तर मला कपाट म्हणून नेलं होतं.

आणि फिद्दाच्या घरी मला जुम्म्याच्या, म्हणजे शुक्रवारच्या मोठ्या नमाजाच्या वेळी नेलं.

फिद्दा म्हणजे उम्म राकान, राकानची आई. चौऱ्याण्णव पायऱ्यांवरच्या घरात राहणारी शिवणकाम करणारी बाई. गावातल्या अर्ध्या नवरीमुलींचे पोशाख तिनं आणि तिच्या मुलीनं, मय्सूननं, शिवलेले. राकान सल्त ते अम्मान बस चालवतो, खालच्या मजल्यावर राहतो. फिद्दाच्या पोटात 'ते' झालं होतं. त्या दुखण्याचं नाव त्या घरात कुणी घेत नव्हतं. इस्पितळानं घरी पाठवताना डॉक्टरांनी राकानला बाजूला नेऊन सांगितलं, आणि राकाननं आईला येऊन सांगितलं, "पाठीचा मणका सरकलाय, यम्मा. आराम केला की बरं वाटेल."

आपल्याकडे असंच करतात. आजाऱ्याला सांगायचं नाही. सांगितलं की तो खचतो, आशा सोडतो, म्हणे. प्रेमानंच करतात. मी एकोणीस घरांत हे प्रेम पाहिलेलं आहे.

तर जुम्म्याला सगळी गल्ली मशिदीत गेली, पायऱ्या ओस पडल्या, तेव्हा राकान आणि संस्थेचा ड्रायव्हर मला घेऊन वर आले. दर दहा पायऱ्यांवर थांबत, धापा टाकत. वर निळी गोधडी. मय्सूननं दार उघडून धरलं होतं.

"झरकाच्या जुन्या बाजारात मिळाली, यम्मा," राकान म्हणाला. "तुझ्या पाठीसाठी. अगदी स्वस्तात."

झरका म्हणाला तेवढं तरी खरंच होतं.

फिद्दाला माझ्यावर निजवलं. ती अगदी हलकी झाली होती, त्या कारागिरासारखी. तिनं डोळे मिटले आणि तिचा हात चादरीखाली गेला. गादीच्या खोळीच्या कडेवरून तिची बोटं सरकू लागली. टाका, टाका, टाका. दुहेरी शिवण, मध्येच एक तिरका टाका. कोपऱ्यात बोटं थांबली. तिथे खोळीच्या आत एक छोटा निळा मणी शिवलेला होता, दृष्ट लागू नये म्हणून.

ती खोळ फिद्दानंच शिवली होती. आठ वर्षांपूर्वी संस्थेच्या लोकांनी विचारलं होतं, त्यांच्या सगळ्या खाटांसाठी. तिनं एक पैसा घेतला नव्हता.

मित्रांनो, त्या क्षणी तिचं काळीज जे धडधडलं ते माझ्या चारी पायांपर्यंत आलं. मला वाटलं आता ओरडेल. तिनं डोळे उघडले, मुलाकडे बघितलं. त्याच्या कपाळावरून घाम गळत होता.

"छान आहे," ती म्हणाली. "मऊ आहे. झरकाला बरं मिळतं हो सगळं. तू काही खाल्लंस का?"

तेव्हापासून त्या घरात दोन नाटकं सुरू झाली. मुलं आईपासून लपवत होती. आई मुलांपासून लपवत होती. मय्सून रडायची तेव्हा स्वयंपाकघरात नळ सोडून रडायची. फिद्दा हुंदका यायच्या आधी म्हणायची, "जा बाई, मरमियाच्या पानांचा चहा टाक," आणि मुलगी गेली की भिंतीकडे तोंड करायची. चहा उकळायला जितका वेळ लागतो तितकंच तिला रडायला मिळायचं. मला दोन्ही ऐकू यायचं, नळही आणि भिंतही.

शेजारची नजला रोज दुपारी यायची. उम्म जिर्यिस. चर्चला जाणारी, फिद्दाची चाळीस वर्षांची मैत्रीण, जिभेला हाड नाही. पहिल्या दिवशी ती खोलीत शिरली, मला बघितलं आणि बोलून गेली, "अग बाई, ही तर अबू हम्दीची—"

दारात मय्सूननं डोळे मोठे केले.

"अबू हम्दीची काय?" फिद्दानं विचारलं.

"शेळी," नजला म्हणाली. "अबू हम्दीची शेळी आठवली एकदम."

"खाट बघून शेळी आठवली?"

"चार पाय नाहीत का दोघींना? तू आजारी आहेस, वाद घालू नकोस."

फिद्दा हसली. हसताना तिला कळ आली, आणि तिनं माझा कठडा घट्ट धरला. तरीही हसत राहिली.

आता तिला काय हवं होतं ते सांगते. पहिल्याच आठवड्यात अरीज सिस्टर एक छापील कागद घेऊन आली. त्यावर चौकटी होत्या. मॉर्फिनचे थेंब किती वाजता दिले, त्याआधी किती दुखत होतं, नंतर किती, ते लिहायचं. तिनं तो मय्सूनसमोर धरला.

मय्सूननं दोन्ही हात मागे घेतले. "मला नको, सिस्टर. माझ्यात डोकं नाही. राकानकडे द्या, तो करेल."

अगदी सहज म्हणाली. एखादी बाई 'मला वांगं चालत नाही' म्हणते तसं. पण माझ्यावर पडलेली फिद्दा अशी आखडली की माझी प्रत्येक स्प्रिंग ताठ झाली.

मग दुपारी शेजारच्या खोलीत मय्सूनचं मशीन सुरू झालं की फिद्दा छताकडे बघून ओठातल्या ओठात सराव करू लागली. "मय्सून, ऐक. सित्त इंसाफ आली होती..." आणि थांबायची. पुन्हा, "मय्सून, तुझी शाळा..." असं तुकड्यातुकड्यांनी मला कळलं. चोवीस वर्षांपूर्वी, मय्सून चौदाची असताना, शाळेच्या मुख्याध्यापिका सित्त इंसाफ या पायऱ्या चढून आल्या होत्या. पोरगी फार हुशार आहे, तिला शिकू द्या म्हणून सांगायला. फिद्दाला तेव्हा सुईचं नेढं दिसेनासं झालं होतं आणि मशीनवर नवरीमुलींचे कपडे पडून होते. तिनं बाईंना कॉफी पाजली, पायऱ्यांपर्यंत पोचवलं, आणि संध्याकाळी मुलीला सांगितलं, "बाई म्हणतात, तुझ्यात डोकं नाही. मशीन शीक."

पोरीनं ते मानलं. अजून मानत होती.

फिद्दाला जायच्या आधी हे सांगायचं होतं आणि माफी मागायची होती. एवढंच. पण सल्तमध्ये खाटेवर पडलेल्या माणसानं माफी मागितली की त्याचा एकच अर्थ होतो. जाणारा माणूस म्हणतो, "माझं काही चुकलं असेल तर माफ करा," आणि भोवतालचे म्हणतात, "केलं माफ, देवही करो." तिनं ते वाक्य उच्चारलं असतं तर मुलांचं नाटक कोसळलं असतं. मुलं इतकी जिवापाड करत होती. तिला ते मोडवेना.

आणि दिवस सरत होते.

कागद राकानकडे गेला, औषधाची बाटलीही. राकान चांगला मुलगा आहे. म्हणून तर गोंधळ झाला. त्याच्या मनात एक भीती होती, ती त्यानं कुणाला सांगितली नाही. तो मापानं थेंब काढायचा, मग अर्धे परत बाटलीत सोडायचा. दुपारचा डोस द्यायचाच नाही. कागदावर मात्र सगळ्या चौकटी भरायचा.

फिद्दाचं दुखणं वाढलं. ती उशीचा कोपरा दातात धरायची. माझ्या उजव्या कठड्याला आज एक बाक आहे, तो तिच्या हातानं आलेला. एवढ्याशा हातानं लोखंड वाकलं, मित्रांनो.

अरीज आली तेव्हा तिनं आधी फिद्दाचा चेहरा पाहिला आणि मग बाटली उजेडात धरली. फिद्दा डोळे मिटून पडली होती. सगळ्यांना वाटलं झोपलीय.

"राकान, ही बाटली अर्धी व्हायला हवी होती," अरीज हळू आवाजात म्हणाली. "ही तर गळ्यापर्यंत आहे."

"थोडं कमी देतो."

"का?"

"सगळ्यांना माहीत आहे, सिस्टर. मॉर्फिन सुरू झालं की माणूस परतत नाही. माझ्या काकांना दिलं, तिसऱ्या दिवशी गेले."

"काका आजारानं गेले. मॉर्फिनमुळे ओरडत गेले नाहीत, एवढंच. हे मरण बोलवायचं औषध नाही, भाऊ. जे दिवस आहेत ते तिला वापरता यावेत म्हणून आहे. आत्ता तिचे दिवस कोण वापरतंय? दुखणं वापरतंय."

राकाननं तिच्या हातातून बाटली घेतली. मग म्हणाला, "तिला काही बोलू नका. तिला वाटतंय पाठ आहे."

"मी आपणहून नाही सांगणार. पण तिनं मला विचारलं तर खोटं बोलणार नाही."

"मग तुम्ही येऊ नका."

मय्सून म्हणाली, "अरे राकान!" पण तो दार उघडून उभा होता. अरीजनं पिशवी उचलली. जाताना माझ्या पायथ्याचा दांडा दोन फेरे फिरवून फिद्दाची मान वर केली, श्वास सोपा व्हावा म्हणून. "माझा नंबर फ्रीजवर आहे," एवढंच म्हणाली, आणि पायऱ्या उतरली.

ते दोन दिवस मी कधी विसरणार नाही. आधीच्या एकोणीस जणांनी माझ्यात जे जे सोडलं होतं ते सगळं त्या दोन दिवसांत जागं झालं. फिद्दा कण्हायची आणि माझ्यातून अबू हम्दी कण्हायचा. मय्सून धावत यायची. "खाट किती करकरतेय ग," म्हणायची. ती खाट नव्हती करकरत.

तिसऱ्या दिवशी दुपार कलताना राकान बस लावून आला. नमाज घरीच पढला. दक्षिणेच्या भिंतीशी त्याच्या बापाची जागा होती. तिथेच पन्नास वर्षं चटई अंथरली जाते. चटई गुंडाळून तो आईजवळ येऊन बसला. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन सरळ आत येत होतं.

"राकान," फिद्दा म्हणाली, "खाट जरा फिरव रे. डोळ्यावर ऊन येतंय."

तो उठला, चाकांची अडकण पायानं सोडली, मला थोडं वळवलं. ऊन तिच्या गालावरून सरकलं.

"अजून थोडी."

त्यानं वळवलं. ऊन तिच्या खांद्यावरून उतरून फरशीवर पडलं. आता तिला ऊन लागत नव्हतं.

"अजून."

"यम्मा, ऊन गेलं की."

"अजून थोडी, बाळा. एवढी आणलीस तशी."

त्यानं ढकललं. माझं कुरकुरणारं चाक फरशीवर रडत वळलं. आणि मग राकानचे हात थांबले. माझा पायथा आता दक्षिणेच्या भिंतीकडे होता, जिथे चटई अंथरतात तिकडे. किब्ल्याकडे, नमाजाच्या दिशेला. सल्तमध्ये माणसाला असं कधी निजवतात ते राकानला सांगावं लागत नव्हतं. बापाला शेवटच्या घटकेला त्यानं स्वतः असंच वळवलं होतं.

तो माझ्या कठड्याला धरून उभाच राहिला. मग म्हणाला, "कधीपासून माहीत आहे तुला?"

"तू जुम्मा चुकवून खाट आणलीस तेव्हापासून. लग्नाच्या दिवशीसुद्धा तू जुम्मा चुकवला नाहीस. पाठीच्या दुखण्यासाठी कोण चुकवतं?" ती जरा थांबली. "आणि गादीची खोळ माझी आहे. लोकांना फसवायचं तर आधी शिवण बघावी."

राकान खाली बसला आणि त्यानं कपाळ माझ्या नळीवर टेकलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणी तरी नळ न सोडता रडलं.

"माझं चुकलं असेल ते माफ कर," ती म्हणाली.

"केलं माफ, केलं, देवही करो," तो वाक्य संपायच्या आत म्हणाला. "तू मला कर."

"तुला करायला काय आहे? फक्त त्या सिस्टरला बोलाव. मला फार दुखतंय रे."

अरीज तासाभरात आली. कुणाला एक शब्द बोलली नाही. पुरे थेंब दिले. मित्रांनो, दुखणं उतरतं तेव्हा कसं वाटतं ते खाटेला विचारा. आधी बोटं सुटतात. मग खांदे. मग माणूस गादीत खाली येतो, जसा खरा यायला हवा तसा. फिद्दा माझ्यावर आली त्या दिवसापासून पहिल्यांदा नीट निजली.

सकाळी ती ताजी होती. नजला आली होती, राकान होता. अरीजनं नवा चौकटींचा कागद काढला.

"तो मय्सूनकडे दे," फिद्दा म्हणाली.

"यम्मा, मला नाही जमत ते, माझ्यात..."

"जमतं. तुझ्यात डोकं आहे. सित्त इंसाफ स्वतः चढून आली होती ते सांगायला. मी तिला कॉफी पाजली आणि परत लावून दिलं."

मय्सून माझ्या कठड्याशी आली.

"बाई म्हणाल्या होत्या डोकं नाही," मय्सून म्हणाली.

"बाई नाही म्हणाली. मी म्हणाले."

"का?"

"माझी सुई मला दिसेना. आठ पोशाख पडले होते. मला तुझे डोळे हवे होते." फिद्दानं श्वास घेतला. "मला माफ कर."

सल्तमध्ये या वाक्यानंतर कुणी थांबत नाही. सलामाला सलाम यावा तसं उत्तर येतं. मय्सून थांबली.

नजलानं तिला कोपरानं ढोसलं. "म्हण ग. शब्दच तर आहे."

"नुसता शब्द असता तर म्हटला असता, खाला."

तिनं अरीजच्या हातातून कागद घेतला. कानामागची खडूची पेन्सिल काढली, घड्याळ बघितलं आणि पहिल्या चौकटीत वेळ लिहिली. लिहून झाल्यावर आईकडे न बघता म्हणाली, "उद्या म्हणेन. उद्यापर्यंत थांब."

फिद्दानं मान हलवली. तिला हा सौदा पटला होता.

दुसऱ्या दिवशी फिद्दा म्हणाली, "आज उद्या आहे."

"संध्याकाळ व्हायचीय अजून."

"मला फसवतेस."

"तुझ्याकडूनच शिकले."

आणि दोघी हसल्या, अशा की राकान धावत आला. मग मय्सून माझ्या कडेवर बसली आणि तिनं विचारलं, "अजून काय म्हणाल्या होत्या बाई?"

"म्हणाली, गणितात ही माझ्यापुढे जाते."

"अजून?"

"म्हणाली, वर्गात खिडकीशी बसते, पण सगळं ऐकते."

"अजून?"

सगळा दिवस असा गेला. फिद्दानं एकेक वाक्य चार चारदा सांगितलं. एखाददुसरं मनाचंही घातलं असेल. मय्सूननं आईला चमच्यानं फ्रीकेचं, भाजक्या हिरव्या गव्हाचं सूप भरवलं, ठरल्या वेळी थेंब दिले, चौकटी भरल्या. अरीजनं कागद पाहिला. "माझ्या परिचारिकासुद्धा असं लिहीत नाहीत," ती म्हणाली. मय्सून वळून खिडकीबाहेर बघू लागली.

तो शब्द मात्र तिनं म्हटला नाही. मला वाटतं तिचा राग तेवढा नव्हताच. तिनं हिशेब असा केला होता की जोवर ती शब्द देत नाही तोवर आई जाणार नाही. डोकं होतं ना तिच्यात.

तिसऱ्या दिवशी फिद्दा जागी झाली नाही. श्वास येत होता, थांबत होता, पुन्हा येत होता. अरीजनं नाडी पाहिली. म्हणाली, "आता थोडा वेळ. बोला तिच्याशी. कान सगळ्यात शेवटी जातात." राकान डोळे मिटून पायथ्याशी कलमा म्हणू लागला. नजला दाराशी क्रूसाची खूण करत उभी होती, ओढणी डोळ्यांना लावून. अरीज ओला कापूस आणायला वळली.

मय्सून माझ्या डोक्याकडे आली, वाकली, आईच्या डाव्या कानाशी तोंड नेलं.

"केलं माफ," ती म्हणाली. "यम्मा, केलं माफ. ऐकू आलं का? केलं."

फिद्दाचा उजवा हात माझ्या कठड्यावर होता, बाक आलेल्या जागी. त्या बोटांनी माझी नळी दाबली. एकदाच. मुंगी चालावी इतकं. पण दाबली.

ते कुणी पाहिलं नाही. मय्सूनचा चेहरा आईच्या केसांत होता. बाकीच्यांचे डोळे मिटलेले किंवा वळलेले. पुढचा श्वास आला नाही.

आता मी पुन्हा संस्थेच्या तळघरात आहे. मय्सून तिथे येते. अरीजनं तिला कागदांचं काम दिलंय. घरोघरी जाऊन ती लोकांना चौकटी भरायला शिकवते, किती थेंब, किती वाजता, अर्धे का करायचे नाहीत. सगळे तिचं कौतुक करतात. आणि रोज दुपारी, कुणी नसताना, ती माझ्यावर येऊन बसते. हळूच विचारते, "ऐकलं का ग तिनं?"

मित्रांनो, एकोणीस गेलेली माणसं माझ्यात आहेत, त्यांची मला सवय झाली. फिद्दानं माझ्यात काहीच मागे ठेवलं नाही, ना आवाज, ना घाम. मला छळते ती जिवंत मय्सून. ती विचारते आणि मला उत्तर ठाऊक आहे, आणि माझी स्प्रिंग नुसती करकरते. ती समजते, खाट जुनी झाली.

म्हणून तुम्हाला हात जोडून सांगते. माझ्यासारखी खाट कधी तुमच्या घरी आली तर गोधडीखाली लपवू नका. औषध पुरतं द्या. नळ सोडून रडू नका, जवळ बसून रडा. आणि जो शब्द द्यायचा आहे तो त्याच दिवशी द्या. उद्यावर ठेवलात तर माणूस थांबेल, पण फार थांबणार नाही.

आणि एक काम माझंही करा. मला तोंड नाही, तुम्हाला आहे. कधी सल्तला गेलात, पायऱ्यांवर कानामागे खडूची पेन्सिल खोचलेली बाई दिसली, तर तिला थांबवा. तिला सांगा, तुझ्या आईनं ऐकलं. बोटांनी नळी दाबली होती.